मास्तरची न धुतलेली मूस

त्याला मी तोंडावर 'मास्तर, तुम्ही' म्हणायचो आणि मनात 'तो'. इथं मनातलंच लिहितोय, तेव्हा 'तो'च म्हणतो. आता कागदावर अहो-जाहो करून मी काही मोठ्या मनाचा ठरणार नाही.

मी त्याच्यावर जळायचो. हेवा, असूया वगैरे पुस्तकी शब्द आहेत, पण पोटात जे व्हायचं त्याला आमच्या साताऱ्यात जळणंच म्हणतात. तो आला की जळायचो, रजेवर गेला की तिकडं काय करत असेल म्हणून जळायचो. त्याच्या डब्यातली बाजरीची भाकरी आणि ठेचा बघूनसुद्धा जळायचो, कारण आमच्या गाइड मॅडम स्वतःचा पोळीभाजीचा डबा बाजूला सारून त्यातला तुकडा मागून घ्यायच्या. माझ्या डब्यातलं त्यांनी कधी काही मागितलं नाही.

सांगलीतल्या एका कॉलेजात आम्ही दोघं एकाच मॅडमच्या हाताखाली पीएचडी करत होतो. मी सातारचा, एमएस्सीला पहिला आलेला, अक्षर मोत्यासारखं, वह्यांना कव्हरं. तो वडूजच्या पलीकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. गावाकडच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचा आणि बिनपगारी रजा काढून संशोधनाला आला होता. माझ्यापेक्षा आठेक वर्षांनी मोठा. सगळे त्याला मास्तर म्हणत.

आम्ही करत काय होतो ते सांगतो, अवघड नाही. मोबाईलच्या बॅटरीत जो द्राव असतो तो पेट घेतो, म्हणून त्याच्या जागी घन पदार्थ पाहिजे, असा घन की ज्याच्यातून लिथियमचे आयन पाण्यातनं गेल्यासारखे जातील. आता घनात सगळे आपापल्या जागी बसलेले. जायचं कसं? तर शेजारची जागा मोकळी असेल तर आयन उडी मारून तिथं जातो, त्याच्या मोकळ्या झालेल्या जागेत मागचा येतो, असं. आम्ही बनवायचो तो माल दोन रूपांत यायचा. एका रूपात प्रत्येक लिथियमला ठरलेली जागा, सगळ्या जागा भरलेल्या, मांडणी अगदी देखणी, आणि आयन हलायचं नाव घेत नाही. दुसऱ्या रूपात जागा जास्त, आयन कमी, मांडणी थोडी विस्कटलेली, आणि आयन नुसते धावतात. आम्हाला दुसरं हवं होतं. माझ्या हातून दर वेळी पहिलंच व्हायचं. त्याच्या हातून दुसरं.

हे आयनांचं प्रकरण मी एकदा मॅडमपुढं पस्तीस स्लाइड लावून समजावलं होतं. बाण, रंगीत गोळे, सगळं. माझं झाल्यावर मॅडमनी मास्तरला विचारलं, तुम्हाला काय वाटतं? तो उठला, फळ्यापाशी गेला आणि खडूनं एक वेडावाकडा गोल काढला.

"ही वाघर," तो म्हणाला. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. "मेंढरं गच्च भरली की एकबी हलत न्हाई. मान वळवाया जागा न्हाई, तर हलंल कसं? चार मेंढरांची जागा मोकळी ऱ्हाऊ द्या. मंग बगा, सगळा कळप कूस बदलतो."

मॅडम हसल्या, आणि माझ्या पस्तीस स्लाइडकडं बोट दाखवून म्हणाल्या, "अरे, हेच म्हणायचं होतं ना तुला?" त्यांनी तो गोल आठवडाभर पुसू दिला नाही. मी रोज सकाळी प्रयोगशाळेत शिरायचो ते त्या मेंढरांचं दर्शन घेत.

आता त्याच्या तऱ्हा. भट्टीच्या खोलीत तो चपला बाहेर काढून जायचा. का, विचारलं तर म्हणायचा, सवय. भट्टीसमोर खुर्ची असून उकिडवा बसायचा. मोजायचा विसांत. किती पेलेट झाल्या मास्तर? तीन विसा आन चार. पेलेट म्हणजे पावडर दाबून केलेली शर्टाच्या बटणाएवढी टिकली. माझ्या प्रत्येक टिकलीला छापील लेबल असायचं, त्यावर तारीख, तापमान, तास. त्याच्या टिकल्या एका बशीत उघड्या पडलेल्या. मी एकदा मुद्दाम दोन टिकल्यांची अदलाबदल केली. त्यानं नुसतं बघून त्या परत जागच्या जागी ठेवल्या. मी म्हटलं, सगळ्या सारख्याच तर दिसतात. तर म्हणतो, "मेंढरांची तोंडंबी शहरातल्या मानसाला सारखीच दिसत्यात, गड्या."

टिकली भट्टीतनं निघाली, गार झाली, की तो ती फरशीवर चार बोटांवरून सोडायचा आणि कान द्यायचा. टण् वाजली तर पुढं चांदीचा लेप लावून मोजायला घ्यायची. ठप् वाजली तर बाजूला. मी हसायचो. म्हणायचो, मास्तर, मशीन कशाला घेतलंय मग? आणि तो टण् म्हणाला की मशीनवरचं अर्धवर्तुळ छोटं यायचं, म्हणजे आयन सुखानं जाताहेत. दर वेळी. मीही एकदा कुणी नाही असं बघून माझी टिकली फरशीवर सोडून पाहिली. तिचे दोन तुकडे झाले.

त्याची वही पेन्सिलनं लिहिलेली, मराठीत, शाळेतल्या प्रयोगवहीसारखी: उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष. त्यात हवापाणीसुद्धा. 'आज ढगाळ. पावडर हाताला चिकट. भाजू नये.' मॅडमना ती वही दाखवून मी थट्टा केली होती. मॅडमनी वाचून म्हटलं, बरोबर आहे, दमट हवेत ही पावडर बिघडते, तूही लिहीत जा. झालं, दुसऱ्या दिवसापासून माझ्या कव्हर घातलेल्या वहीत मीही हवा लिहायला लागलो.

आणि त्याची मूस. मूस म्हणजे ज्यात माल घालून भट्टीत ठेवायचा ते चिनीमातीसारखं पांढरं भांडं, अ‍ॅल्युमिनाचं. मास्तरची मूस मात्र पांढरी कुठली राहायला, आतून पार तपकिरी, काचेचा लेप चढल्यासारखी. वर्षानुवर्षं एकच. धुवायचा नाही. रुमालात गुंडाळून आपल्या खणात ठेवायचा. अशा मुशीतनं थोडं अ‍ॅल्युमिनियम मालात उतरतं हे मी वाचलं होतं, आणि मला ते पाप वाटायचं. माल कसा शुद्ध पाहिजे. म्हणून मी मॅडमच्या मागं लागून प्लॅटिनमची मूस मागवून घेतली. मास्तर ती हातात घेऊन म्हणाला, सोन्यापरास नटवी हाय. त्या नटव्या मुशीतनं माझा शुद्ध माल निघायचा, आणि आयन जागच्या जागी बसलेले.

अशात कॉलेजात आमच्या विभागात एक कायमची जागा निघाली. दहा वर्षांत पहिली. उमेदवार आम्ही दोघंच म्हणायला हरकत नाही. मुलाखतीआधी बाहेरगावचे एक तज्ज्ञ प्रयोगशाळा बघायला येणार होते, आणि मॅडमनी सांगितलं की जुनं काही दाखवायचं नाही, दोघांनीही दसऱ्यानंतर नवा माल भाजायचा आणि त्यांच्यासमोर मोजायचा.

मला ती जागा पाहिजे होती. नुसती पाहिजे नव्हती, घरी साताऱ्याला लग्न ठरत होतं, मुलीकडचे लोक 'पर्मनंट कधी' एवढंच विचारत होते, आणि आईनं हो लवकरच म्हणून सांगून टाकलं होतं. पण खरं सांगायचं तर लग्न ही सबब होती. जागा त्याला मिळाली आणि तो रोज त्या भट्टीपुढं हक्कानं उकिडवा बसला, हे चित्र मला सोसवत नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. घरात कोयता-विळी, गॅरेजात पाने, तशी आमच्या प्रयोगशाळेतही हत्यारांची पूजा असायची. भट्टीला हळदकुंकू, तराजूला झेंडूची माळ, मशीनच्या पडद्यावर कुंकवाचं बोट. त्याआधी सगळं घासून-पुसून लख्ख करायचं. मी म्हटलं, मुशी मी धुतो. मॅडम खूश झाल्या. मास्तर गावाला गेला होता. खंडेनवमीला त्याच्याकडं मेंढरं कातरायच्या कात्र्या पुजतात.

मी सगळ्यांच्या मुशी अ‍ॅसिडात उकळल्या. मग मास्तरचा खण उघडला. कुलूप नव्हतं. रुमाल सोडला, आणि ती तपकिरी मूस अ‍ॅसिडात टाकली. दोन तास उकळली. तीनदा पाणी बदललं, भट्टीत घालून वाळवली. चुन्यासारखी पांढरी निघाली. ती पुसली आणि त्याच रुमालात, नीट घडी घालून खणात ठेवली. पूजेला काढली नाही. पूजेला ठेवली असती तर कुणी म्हणालं असतं की चुकून धुतली. मी ती मुद्दाम धुतली.

काय होईल ते मला नक्की माहीत नव्हतं. काहीतरी वाईट व्हावं एवढीच इच्छा होती.

झालंही. दसऱ्यानंतर मास्तरनं रुमाल सोडला, पांढरी मूस बघून 'पूजंला घासली जनू' एवढंच म्हणाला, आणि आम्ही दोघांनी माल भाजला. सकाळी तज्ज्ञ आले, मॅडम होत्या, भट्टी उघडली. मास्तरची टिकली खडूसारखी पांढरी निघाली. त्यानं ती चार बोटांवरून फरशीवर सोडली. ठप्. मशीन लावायची गरज नव्हती, तरी लावलं. अर्धवर्तुळ पडद्यात मावेना. माझी टिकली नेहमीसारखीच होती, म्हणजे यथातथाच, पण लेबल होतं, नोंदी होत्या, आणि त्याच्यापेक्षा बरी होती. त्याच्यापेक्षा बरी! चार वर्षांत पहिल्यांदा. तज्ज्ञांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

सगळे चहाला गेले. मी मागं रेंगाळलो. मास्तरनं ती मूस उचलली, आतून बोट फिरवलं, नाकाला लावलं. मग माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. एखादं मेंढरू आजारी का पडलं असावं असा विचार करताना माणूस बघेल तसं.

"लय निर्मळ झालीया," तो म्हणाला.

बास. पुढं एक शब्द नाही. मॅडमना नाही, कुणाला नाही. जागा मला मिळाली. त्याची रजा संपली, तो थोड्या दिवसांत गावाकडं शाळेत गेला. जाताना मूस रुमालात घेऊन गेला. मला म्हणाला, येत जा कवातरी वडूजला. मी हो म्हटलं आणि गेलो नाही.

खरी गंमत त्यापुढं. गंमत कसली, शिक्षा. जागा मिळाली, लग्न झालं, सांगलीत फ्लॅट झाला, आणि माझे आयन काही हलेनात. मॅडम म्हणायच्या, मास्तरना जमत होतं ते तुला का जमू नये? आणि मला तर कारण माहीत होतं. तो माल बिघडला त्या दिवशीच कळलं होतं. नवी मूस, किंवा घासून नव्यासारखी झालेली, भट्टीत लिथियम पिते, नवा माठ पाणी पितो तशी. मालातलंच लिथियम जातं, मग धावायला उरतं कोण? जुनी, मुरलेली मूस पिऊन तृप्त असते. ती लिथियमला हात लावत नाही, उलट चिमूटभर अ‍ॅल्युमिनियम देते, आणि त्या चिमटीनं मांडणी विस्कटून जागा मोकळ्या होतात. मी ज्याला घाण म्हणत होतो तीच कामाची होती. आठ-दहा खेपा मूस मुरवायची, एवढंच गुपित. माझ्या हातात होतं. पण लिहायला बसलो की पहिलाच प्रश्न यायचा: धुतलेल्या आणि मुरलेल्या मुशीतला फरक तुम्हाला कसा कळला? म्हणून मी लिहिलं नाही. गुपचूप मूस मुरवावी तर तेही धैर्य होईना, तपकिरी मूस बघितली की मॅडमना मास्तर आठवला असता. काही पीत नाही तशी काही देतही नाही, त्या प्लॅटिनमच्या मुशीला धरून बसलो. पुढं परदेशात कुणीतरी तसलंच काही छापलं. मी ते विद्यार्थ्यांना शिकवतो. मॅडम निवृत्त झाल्या.

गेल्या हिवाळ्यात वडूजकडच्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला मला परीक्षक म्हणून बोलावलं. शाळेचं नाव वाचलं, मास्तरचीच शाळा. नाही म्हणायचं ठरवलं आणि हो म्हणून कळवलं. मास्तर फाटकातच उभा. केस पांढरे, बाकी तोच. मला म्हणाला, "आलास व्हय शेवटी."

मुलांचे प्रयोग बघून झाले. एका वर्गात दहा-बारा पोरीपोरं खडूच्या चौकटींत उभी राहून जागा बदलत होती, एक चौकट मोकळी ठेवून. आयन कसा जातो ते दाखवत होती. खाली बसलेली आजी-आजोबा मंडळी माना डोलवत होती. माझ्या वर्गात पोरं मोबाईल बघतात. मी त्या प्रयोगाला पहिला क्रमांक दिला आणि देताना जळलो.

मग तो मला शाळेच्या प्रयोगशाळेत घेऊन गेला. चपला बाहेर काढल्या. मीही काढल्या. कपाट उघडून त्यानं रुमालातली मूस काढली, अजून पांढरीच, आणि ती पेन्सिलची वही. मी इतकी वर्षं मनात घोकलेलं वाक्य बोलायला तोंड उघडलं.

"मास्तर, ती मूस मी..."

"ठावं हाय रं. रुमालाला अ‍ॅसिडचा वास येत हुता. आन त्याची तुज्यावानी घडी कोन घालतंय?" त्यानं वही उघडून माझ्यापुढं सरकवली. "ह्ये बग."

पानाच्या वर लिहिलं होतं: 'प्रयोग करणार'. त्यापुढं माझं नाव. खाली 'मदतनीस', त्यापुढं त्याचं. मग साहित्य, कृती: 'जुनी मूस अ‍ॅसिडाने धुतली. अ‍ॅसिड ___ टक्के. वेळ ___ तास. नेहमीचाच माल, नेहमीचीच भट्टी. बाकी काही बदल नाही.' आणि निष्कर्ष: 'टिकली मेली. म्हणजे जीव मुशीत होता. आजवर कळले नव्हते.'

"मला कुटं म्हाईत हुतं माजी टिकली का वाजतीया ती," मास्तर म्हणाला. "मला वाटायचं हातगुन हाय. तू मूस धुतलीस तवा कळलं. येवडा चोख प्रयोग मी चार वर्सांत केला नव्हता."

मी विचारलं, मग मॅडमना का नाही सांगितलं? तुम्ही छापायचं होतं. जागा तुम्हाला मिळाली असती.

"प्रयोग तुजा. सांगायचा तर तू. मी वाट बगितली. म्हनलं आज छापंल, उद्या छापंल." त्यानं वहीचा दुमडलेला कोपरा सरळ केला. "जागंचं म्हनशील तर लय वाईट वाटलं हुतं. खोटं कशाला बोलू. वरीसभर मी टिकली हातात घेतली न्हाई."

त्यानं खिशातली पेन्सिल काढून मला दिली. "दोन जागा मोकळ्या ठिवल्यात. भर."

मी लिहिलं: वीस टक्के. दोन तास. पेन्सिल परत करणार तोच माझं लक्ष साहित्याच्या वरच्या ओळीकडं गेलं. 'उद्देश' लिहून त्यापुढंही कोरं होतं. त्याबद्दल तो काही म्हणाला नव्हता. मी त्याच्याकडं बघितलं, तो मूस रुमालात बांधत होता.

मी उद्देशापुढं लिहिलं: 'हेवा.' आणि वही त्याच्याकडं फिरवली.

त्यानं चष्मा लावून वाचलं. एकदा, परत एकदा. मग म्हणाला, "ह्ये शाळंच्या पोरास्नी दाखवता येनार न्हाई." आणि वही मिटायच्या आधी त्या ओळीवरनं अंगठा फिरवला, पुसलं जातंय का बघावं तसा, आणि पुसलं नाही.

"अक्षर मातर तुजं झ्याक हाय," तो म्हणाला. "मला कवाच जमलं न्हाई तसं. लय जळायचो मी त्याच्यावर."

मग डबा उघडून त्यानं भाकरीचा अर्धा भाग मोडला, त्यावर ठेचा ठेवला आणि मला न विचारता माझ्या हातात दिला.